वाहतुकीचं ॲप जुनं होत जातं तसा त्याचा वापर का आक्रसतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मार्ग शोधणं, बस-ट्रेनची थेट स्थिती, तिकीट, टॅक्सी, भाड्याची सायकल आणि पार्किंग असं सगळं तुम्ही एकाच ॲपमध्ये दिलं. पहिल्या महिन्यात लोकांनी सगळं उघडून पाहिलं. सहा महिन्यांनी मात्र बहुतेक जण एखाददुसरीच सोय वापरताना दिसतात. हे अपयश समजायचं का, आणि पडून असलेल्या सोयी काढून टाकायच्या का?

पहिल्या भागाचं उत्तर देणं सोपं आहे. हे अपयश नाही. बहुउपयोगी वाहतूक ॲपचा वापर जवळपास सगळीकडे असाच आक्रसत जातो. गुंतवणूकदारांपुढच्या सादरीकरणात चित्र उलटं असतं: माणूस आधी बसचं तिकीट काढेल, मग सायकल घेईल, मग टॅक्सी बोलावेल आणि वर्षभरात सगळ्या सोयींचा ग्राहक होईल. मी बरीच वर्षं असे वापराचे आकडे वाचत आलो आहे. त्यात ही शिडी पायरीपायरीने चढणारे प्रवासी फार थोडे दिसले. बहुसंख्य लोक सुरुवातीला पसरतात, मग एका-दोन सोयींवर स्थिरावतात आणि तिथेच राहतात. त्यांचा रोजचा रस्ता अचानक मोडला तरच ते पुन्हा इतर बटणांकडे वळतात. तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं उत्तर या शेवटच्या वाक्यात आहे, पण तिथे पोहोचण्याआधी हे आक्रसणं कसं घडतं ते नीट पाहू.

नव्या ॲपवर माणूस पहिल्यांदा कोणता मार्ग शोधतो? जो त्याला तोंडपाठ असतो तोच. म्हणजे घर ते काम. त्याला मार्ग नको असतो, तो ॲपची परीक्षा घेत असतो. सकाळची अमुक बस रोज पाच-सात मिनिटं उशिरा येते हे त्याला ठाऊक असतं. एक थांबा आधी उतरून चाललं की एक बदली वाचते हेही माहीत असतं. ॲप हे ओळखतं का, एवढंच त्याला पाहायचं असतं. म्हणून पहिल्या एक-दोन आठवड्यांतले शोध ही मागणी समजू नका. त्या काळात सायकलीच्या आणि पार्किंगच्या पडद्यावर झालेल्या फेऱ्याही याच जातीच्या. माणूस नव्या घरातली कपाटं उघडून पाहतो तसं ते असतं. हा पहिल्या महिन्याचा आकडा पायाभूत धरून पुढचा प्रत्येक महिना त्याच्याशी ताडून पाहिला, तर घसरण दिसणारच. पायाच चुकीचा घेतलेला असतो.

परीक्षेत ॲप उत्तीर्ण झालं की सगळ्यात आधी गळतं ते मार्ग शोधणं. रोजच्या रस्त्यासाठी रोज कोणी रस्ता विचारत नाही. उरतात ‘गाडी कुठे आहे’ आणि तिकीट. काही महिन्यांनी ‘गाडी कुठे आहे’ हेही रोज पाहिलं जात नाही. उशीर झाला असेल, हवा खराब असेल किंवा चुकवून चालणार नाही असं काही काम असेल, तेव्हाच पाहिलं जातं. तिकीट शेवटपर्यंत टिकतं, कारण त्याच्याशिवाय गाडीत चढता येत नाही. या टिकण्याला निष्ठा समजू नये. दुसरा सोपा मार्ग मिळाला की तेही जातं. लंडनमध्ये २०१२ पासून बसमध्ये आणि २०१४ पासून भुयारी रेल्वेत बँकेचं काँटॅक्टलेस कार्ड थेट टेकवून प्रवास करता येतो. दिवसाच्या आणि आठवड्याच्या भाड्याची कमाल मर्यादाही यंत्रणा आपोआप लावते. अशा ठिकाणी तिकिटासाठी ॲप उघडण्याचं कारणच राहत नाही. जर्मनीत मे २०२३ मध्ये दरमहा ४९ युरोंचा डॉइचलँडटिकेट हा पास आला. तो देशभरातल्या स्थानिक आणि प्रादेशिक वाहतुकीला चालतो. ज्याच्याकडे हा पास आहे त्याला कोणत्या पट्ट्याचं तिकीट लागेल, कुठलं स्वस्त पडेल, हे कशाला तपासावं लागेल? स्वित्झर्लंडमध्ये २०१६ पासून चालू असलेल्या फेअरटिक या तिकिटाच्या ॲपमध्ये चढताना एकदा आणि उतरताना एकदा बटण सरकवायचं, भाड्याचा हिशोब नंतर होतो. या तिन्ही ठिकाणी प्रवाशाचं काम सोपं झालं आणि ॲपमध्ये जाणारा वेळ घटला. ॲप कमी उघडलं जातं म्हणून ते निकामी होत चाललंय, असं मानणाऱ्यांनी ही उदाहरणं जरूर विचारात घ्यावीत.

हे स्थिरावणं किती दिवसांत होतं, असं लोक विचारतात. एक ठरावीक आकडा सांगू नये असं माझं मत आहे. सवयींवरचा जो अभ्यास वारंवार सांगितला जातो, तो युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या संशोधकांचा, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला. त्यात खाणं, पिणं आणि व्यायाम यांच्या साध्या सवयी होत्या. सवय पक्की व्हायला लागणारा काळ माणसागणिक १८ ते २५४ दिवस इतका वेगळा निघाला. ‘६६ दिवस’ हा लोकांच्या तोंडी असलेला आकडा त्याच अभ्यासातला मधला आकडा आहे. रोज दोनदा प्रवास करणारा आणि आठवड्यातून एकदा बाहेर पडणारा, या दोघांना एकाच कॅलेंडरवर मोजलं की निष्कर्ष बिघडतो. दिवस मोजण्यापेक्षा प्रवास मोजा: पहिला, दहावा, पन्नासावा. निदान पाहणी तरी तशी करा.

आता सर्वांत जास्त चुका जिथे होतात त्या मुद्द्याकडे येतो, म्हणजे आलेख. तुम्ही सहा महिन्यांचा जो आलेख पाहिला, त्यात बहुधा दर महिन्याचे सगळे वापरकर्ते एकत्र होते. अशा आलेखात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: माणसांचा बदललेला वापर आणि बदललेली माणसं. जाहिरातीच्या महिन्यात नवखे खूप येतात, ते सगळं उघडून पाहतात आणि ‘सोयींचा विस्तार वाढला’ असं दिसतं. पुढच्या महिन्यात जाहिरात थांबते आणि तोच विस्तार घटलेला दिसतो. जुन्या प्रवाशांनी मात्र दोन्ही महिन्यांत काहीच बदललेलं नसतं.

याच्या उलट फसवणूकही होते, आणि ती जास्त गोड असल्यामुळे जास्त धोक्याची. ‘आमचे एक वर्ष जुने ग्राहक नव्यांपेक्षा जास्त सोयी वापरतात, म्हणजे लोक हळूहळू सगळ्या सोयींकडे वळतात’ हे वाक्य मी अनेक बैठकांत ऐकलं आहे. वर्षभर टिकलेले लोक पहिल्या दिवसापासूनच वेगळे असू शकतात. कमी वापरणारे मधल्या काळात निघून गेले, जास्त वापरणारे मागे राहिले, म्हणून सरासरी वाढली. कोणीही वाढलेलं नसताना सरासरी वाढते. खरं पाहायचं असेल तर जे आज टिकले आहेत त्यांचाच पहिला महिना काढा आणि त्यांच्याच आजच्या महिन्याशी तुलना करा. हे एवढं केलं की शिडीची कहाणी बहुतेक वेळा विरघळते.

आणखी दोन गोष्टी आकड्यांत लपतात. माणूस फोन बदलतो, ॲप नव्याने टाकतो आणि खातं जोडायचं राहून जातं. मग तीन वर्षांचा जुना प्रवासी तुमच्या नोंदीत ‘नवा’ होतो, आणि हा ‘नवा’ पहिल्या दिवसापासून थेट तिकिटाकडे जातो. दुसरी गोष्ट कुटुंबाची. एका खात्यावर आई टॅक्सी बोलावते, मुलगा सायकल घेतो, वडील पार्किंगचे पैसे भरतात. नोंदीत दिसतो एक आदर्श बहुउपयोगी ग्राहक, प्रत्यक्षात असतात तीन माणसं, प्रत्येकाची एकेक सोय. ज्या खात्यावर एकाच वेळी दोन ठिकाणी हालचाल दिसते ती आधी बाजूला काढा.

पैसे कसे घेतले जातात यावरही वापराचा काळक्रम बदलतो. स्वीडनमधल्या गोथेनबर्गला नोव्हेंबर २०१३ ते एप्रिल २०१४ असा सहा महिने ‘युबिगो’ हा प्रयोग झाला. सार्वजनिक वाहतूक, सामायिक मोटार, भाड्याची मोटार, टॅक्सी आणि सायकल यांचा एकत्र मासिक पास कुटुंबांना दिला होता. सुमारे ७० कुटुंबं होती आणि काहींनी मोबदला घेऊन आपली खासगी गाडी तेवढ्या काळापुरती बाजूला ठेवली. त्या प्रयोगाच्या अभ्यासकांनी नोंदवलेली एक गोष्ट मला अजूनही फार मोलाची वाटते. लोक आत आले ते मुख्यतः कुतूहलापोटी, आणि टिकले ते सोय आणि लवचिकपणा यांमुळे. म्हणजे येण्याचं कारण आणि राहण्याचं कारण वेगळं होतं. पहिल्या आठवड्यात ‘तुम्ही हे का घेतलं’ असं विचारून जे उत्तर मिळतं, त्यावर सहाव्या महिन्याचे निर्णय घेऊ नयेत, ते यासाठीच. या प्रयोगाकडे पाहताना मी एक गोष्ट नेहमी लक्षात ठेवतो: तो बहुतांशी उत्तर युरोपातल्या हिवाळ्यात झाला. अशा काळात सायकल कमी वापरली गेली, तर ती लोकांना आवडली नाही की नुसती थंडी होती, हे सहा महिन्यांत कळत नाही. ऋतू आणि सवय वेगळे काढायला किमान एक पूर्ण वर्ष लागतं, म्हणजे मार्चची तुलना पुढच्या मार्चशी करता येते.

फिनलंडच्या हेलसिंकीत २०१६ मध्ये आलेलं ‘व्हिम’ हे ॲप म्हणजे याच कल्पनेचं सर्वांत गाजलेलं रूप. त्याचा सर्वांत वरचा पास दरमहा ४९९ युरोंचा होता. त्यात सार्वजनिक वाहतुकीबरोबर ठरावीक अंतरापर्यंतच्या टॅक्सी आणि भाड्याची मोटारही होती. सगळीकडे त्या पासाची चर्चा झाली, पण प्रत्यक्ष प्रवास बहुतांशी बस-ट्राम-मेट्रोचेच होत राहिले. ते चालवणारी कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिच्या अडचणींची कारणं अनेक आहेत, सगळा दोष पासाला देणं योग्य नाही. वापराच्या बाजूने मात्र मासिक पासाची एक लय मला बहुतेक ठिकाणी दिसते. पैसे आधीच भरलेले असतात म्हणून पहिल्या महिन्यात माणूस ते ‘वसूल’ करायला बघतो आणि गरज नसताना टॅक्सी घेतो. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात उत्साह ओसरतो. मग तो मागचा हिशोब काढतो, आपण खरोखर काय वापरलं ते पाहतो आणि छोट्या पासावर किंवा ‘जेवढा प्रवास तेवढे पैसे’ या पद्धतीवर येतो. या उतरण्याला ‘ग्राहक गमावला’ असं नाव देऊ नका. त्याला स्वतःचा प्रवास कळला, एवढंच झालं. खाली उतरणं सोपं ठेवलं तर तो राहतो, अवघड केलं तर ॲपच काढून टाकतो.

आता रस्ता मोडण्याबद्दल. फेब्रुवारी २०१४ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत दोन दिवसांचा संप झाला. काही स्थानकं बंद होती, काही चालू होती. लार्कोम, राऊख आणि विलेम्स या तीन अर्थशास्त्रज्ञांनी प्रवासी कार्डांच्या नोंदी तपासल्या. संपात ज्यांना वेगळ्या मार्गाने जावं लागलं, त्यांतले सुमारे ५ टक्के लोक संप संपल्यावरही नव्याच मार्गाने जात राहिले. हे रोजचे, मुरलेले प्रवासी होते. त्यांच्यासाठी जास्त चांगला मार्ग आधीपासून होता, पण सक्ती होईपर्यंत त्यांनी तो शोधलाच नव्हता. ५ टक्के हा आकडा लहान वाटेल. पण एरवी महिनोन्महिने हलत नाहीत अशा सवयी दोन दिवसांत हलल्या आहेत. कोणतंही नोटिफिकेशन किंवा सवलतीचं कूपन हे सहज करत नाही.

घर बदलणं हा असाच, पण जास्त शांत आणि जास्त खोल धक्का. मानसशास्त्रज्ञ बास व्हरप्लांकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सवय खंडित होण्याच्या या क्षणांवर बरंच काम केलं आहे. त्यांच्या २०१६ च्या अभ्यासात घर बदलल्यानंतर साधारण तीन महिन्यांपर्यंत लोक नव्या सवयींना जास्त तयार असल्याचं दिसलं. नवी नोकरी, मूल होणं, पायाला दुखापत, वृद्ध आई-वडील सोबत राहायला येणं, गाडी विकणं, ही सगळी त्याच जातीची वळणं आहेत. तुमच्या नोंदीत ती अशी दिसतील: वर्षभर फक्त तिकीट काढणारा माणूस अचानक एका आठवड्यात पुष्कळ मार्ग शोधतो, टॅक्सीचा अंदाज पाहतो, सायकलीचं स्थानक कुठे आहे ते बघतो, आणि दीड-दोन महिन्यांत पुन्हा शांत होतो. शांत झाल्यावर मात्र त्याची एक-दोन बटणं बदललेली असतात. वापराचा खरा बदल मला या उसळीत सापडतो. दोन उसळ्यांमधल्या सपाट काळात जवळजवळ काहीच बदलत नाही. दुर्दैवाने मासिक सरासरीत ही उसळी बुडून जाते, कारण प्रत्येकाची वेगळ्या महिन्यात येते. म्हणून प्रत्येक प्रवाशाचा काळ त्याच्या स्वतःच्या शेवटच्या उसळीपासून मोजून पाहा. चित्र एकदम स्पष्ट होतं.

प्रवासाच्या बाहेरच्या सोयी जोडलेली सुपर ॲप्स हा वेगळा प्रकार आहे, त्यांचे धडे जसेच्या तसे घेऊ नका. इंडोनेशियातली गोजेक २०१० मध्ये फोनवरून मोटारसायकल-टॅक्सी बोलावण्याची सेवा म्हणून सुरू झाली, २०१५ मध्ये तिचं ॲप आलं आणि नंतर जेवण, पैसे, घरकाम असं बरंच जोडलं गेलं. २०२० मध्ये तिने मालिश आणि साफसफाईच्या सेवा बंद केल्या. दक्षिण-पूर्व आशियातल्या ग्रॅबमध्ये त्याच वर्षी घरपोच सेवांची उलाढाल प्रवासाच्या उलाढालीपेक्षा मोठी झाली. अशा ॲपमध्ये माणूस प्रवास सोडूनही राहतो, कारण उघडण्याचं कारणच बदललेलं असतं. तुमच्याकडे मात्र सगळ्या सोयी एकाच गरजेच्या आहेत: इथून तिथे जाणं. एक वापरली की त्या वेळी दुसरी लागत नाही. बसने गेलेल्या माणसाने त्याच प्रवासाला टॅक्सी आणि पार्किंगही वापरावं अशी अपेक्षाच करता येत नाही. म्हणून ‘दर महिन्याला सरासरी किती सोयी वापरल्या’ हे माप तुमच्यासाठी मुळात गैर आहे.

‘सगळं एकाच ठिकाणी’ ही कल्पना प्रवाशांनी कधी पुरती स्वीकारलेली नाही, हेही समजून घ्या. त्यांच्या फोनमध्ये दोन-तीन ॲप्स शेजारी शेजारी असतात: एक नकाशासाठी, एक तिकिटासाठी, टॅक्सीच्या भावाची तुलना करायला आणखी एक. काळानुसार प्रत्येक ॲपला एक काम वाटून दिलं जातं. तुमच्या ॲपमधली सायकल कोणी वापरत नाही, याचा अर्थ ते लोक सायकल चालवत नाहीत असा होत नाही. त्यांनी ते काम कदाचित दुसऱ्या ॲपला दिलं असेल. हे फक्त माणसांशी बोलून कळतं, नोंदींतून नाही. बोलताना ‘तुम्ही कोणत्या सोयी वापरता’ असं विचारू नका, लोक यादी आठवून सांगतात. ‘मागच्या वेळी गाडी चुकली किंवा रद्द झाली तेव्हा फोनवर आधी काय उघडलंत, मग काय?’ असं विचारा.

जुन्या प्रवाशाची सवय तोडणारी गोष्ट बरेचदा आपणच करतो: ॲपचं नवं रूप. वर्षभर तिकीट काढणाऱ्याचा अंगठा पडद्यावरच्या एका जागी न पाहता जातो. पडून असलेल्या सोयी ‘दिसाव्यात’ म्हणून तिकिटाचं बटण दुसऱ्या पडद्यावर ढकललं, तर त्या सोयी दोन आठवडे उघडल्या जातात, कारण लोक चुकून तिथे पोहोचतात. अहवालात ती वाढ म्हणून जाते. गाडी समोर उभी असताना तिकीट न सापडलेला माणूस मात्र अहवालात येत नाही. वयस्क प्रवाशांच्या बाबतीत मला याची जास्त काळजी वाटते. ते एकदा शिकलेली क्रिया नीट पाठ करून ठेवतात, आणि ती मोडली की मुलांना विचारण्यापेक्षा सरळ खिडकीवर रांगेत उभे राहतात. नवं काही दाखवायचं असेल तर ते अडचणीच्या क्षणी दाखवा. गाडी रद्द झाली की त्याच पडद्यावर जवळची सायकल किंवा दुसरी बस. रोजच्या सकाळी तिकिटाच्या वाटेत काहीही आणू नका.

राहिला प्रश्न काढून टाकण्याचा. न वापरलेल्या सोयींचे तीन गट पडतात. पहिला गट रोज झोपलेला असतो, पण बिघाडाच्या, संपाच्या, अतिवृष्टीच्या दिवशी जागा होतो. तो ठेवाच, आणि त्याची देखभाल सर्वांत कसून करा, कारण ज्या दिवशी लोक तिथे येतात त्या दिवशी सगळे एकदम येतात. दुसऱ्या गटातल्या सोयी अशा दिवशीही कोणी उघडत नाही, उघडल्या तरी प्रवास पुरा होत नाही. त्या बंद करा. तिसरा गट फसवा असतो: लोक उघडतात, पण मागची सेवाच डळमळीत असते. सायकल दाखवते, जागेवर नसते. उबरने जंप ही सायकल-स्कूटर कंपनी २०१८ मध्ये विकत घेतली आणि २०२० मध्ये ती लाइम या त्याच व्यवसायातल्या दुसऱ्या कंपनीकडे सोपवली. बटणामागची सेवा अशी हातोहात बदलू शकते, आणि प्रवाशाच्या मनात मात्र दोष नेहमी बटणावरच येतो. हा तिसरा गट बंद करण्याआधी ‘उघडलं, पण प्रवास झाला नाही’ असे प्रसंग वेगळे काढा आणि त्यांतल्या काही लोकांना फोन करा. दुरुस्त होण्यासारखं असेल तर करा, नाहीतर स्पष्ट सूचना देऊन काढा.

या वाटणीसाठी तुमच्या सहा महिन्यांच्या नोंदी पुरणार नाहीत. एक पूर्ण वर्ष जाऊ द्या, आणि त्या वर्षात सेवा कोलमडलेल्या दिवसांची यादी चालकांकडून, म्हणजे बस आणि रेल्वे चालवणाऱ्या संस्थांकडून मागून घ्या. त्या दिवसांच्या नोंदी बाकीच्या दिवसांपासून वेगळ्या ठेवून पाहा, आणि कोणतीही सोय बंद करण्याचा निर्णय त्या वेगळ्या काढलेल्या दिवसांवरून घ्या.